बँकॉकमध्ये धरलेली जागा

आयुष्याच्या बेचाळीस वर्षांत मी एकच व्यावहारिक कौशल्य संपादन केले आहे, आणि ते म्हणजे एसटीत जागा धरणे. मला स्कूटरचा प्लग साफ करता येत नाही, कोवळे दोडके ओळखता येत नाहीत, गॅसची टाकी बदलताना माझा श्वास अडकतो. परंतु राळेगावच्या बसस्थानकात यवतमाळची गाडी अद्याप वळण घेत असताना, उतरणाऱ्यांच्या डोक्यांवरून, तिसऱ्या खिडकीतून, नेमक्या दोन आसनांच्या मधोमध रुमाल, पिशवी किंवा प्रसंगी कवितासंग्रह टाकण्यात माझा हात धरील असा मनुष्य तालुक्यात नाही. दीपमालेशी माझा विवाह याच कौशल्यामुळे झाला. तीन वर्षे ती कृषी पदविकेसाठी आणि मी आधी बी.ए.च्या शेवटच्या वर्षासाठी, मग एम.ए.साठी एकाच गाडीने जात होतो. मी खिडकीतून पुस्तक टाकीत असे आणि ती त्या पुस्तकाशेजारी बसत असे. पुस्तक तिने कधी उघडून पाहिले नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारी पुढे येणार आहेत.

पहिली तक्रार अशी की बँकॉकला मी गेलो नाही, मला नेण्यात आले. दीपमालेचे राळेगावात कृषी सेवा केंद्र आहे. तिथे ती कपाशीच्या बियाण्याच्या पिशव्या, फवारणीची औषधे आणि शेतकऱ्यांना चार खडे बोल, असा तिहेरी व्यवहार करते. मागील हंगामात एका बियाणे कंपनीने आपल्या निवडक विक्रेत्यांना चार दिवस बँकॉक दाखवण्याचे जाहीर केले, आणि जिल्ह्याच्या यादीत पहिलेच नाव दीपमालेचे निघाले. त्या संपूर्ण यादीत स्त्री ती एकटी. शेवटच्या दिवशी सायंकाळी साडेसहा वाजता हॉटेलच्या सभागृहात तिचा मंचावर सत्कार होणार होता, आणि त्या साडेसहाकडे ती मृगाच्या नक्षत्राकडे पाहावे तशी पाहत होती. प्रत्येक विक्रेत्याला एक सोबती नेण्याची मुभा होती. तो सोबती मी.

गावाने ही बातमी ज्या पद्धतीने स्वीकारली, तिच्याविषयी माझ्या मनात आजही राग आहे. बँकॉक हा शब्द उच्चारताच आमच्याकडील पुरुषांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू उमटते, ते मला ठाऊक होते. पण ते कीव होऊन माझ्याच दिशेने येईल, असे वाटले नव्हते. घरचा डबा घेऊन खानावळीत चाललात, असे मला पानठेल्यावर तिघांनी निरनिराळ्या दिवशी ऐकवले, आणि तिघांनाही ते स्वतःलाच सुचले आहे असे वाटत होते.

मग पारपत्र. चौकशीसाठी आलेला शिपाई दुकानातल्या खुर्चीत बसला, दीपमालेला त्याने आदराने सर्व प्रश्न विचारले, स्वतःच्या तुरीवरील अळीबद्दलही विचारून घेतले, आणि मला पाणी आणायला सांगितले. पाणी पिऊन झाल्यावर त्याने शेजारच्या विमलताईंना साक्षीसाठी बोलावले आणि माझ्याकडे बोट करून हे कोण म्हणून विचारले. विमलताई म्हणाल्या, "हे तिचे मिस्टर आहेत. चांगले आहेत बिचारे. कॉलेजात जातात." बेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात जातो. तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला जातो, हा तपशील विमलताईंना महत्त्वाचा वाटला नाही, आणि शिपायाने तो लिहून घेतला नाही.

सल्ल्यांचे म्हणाल तर विमलताईंनीच आम्हाला दोन किलो जवसाची चटणी बांधून दिली, कारण परदेशात माणूस उपाशी मरतो असे त्यांचे ठाम मत आहे. त्या स्वतः पांढरकवड्यापलीकडे गेलेल्या नाहीत. नागपूरच्या विमानतळावर ती काळसर पूड पाहून तपासणी अधिकाऱ्याने तीन सहकारी बोलावले, आणि त्या चौघांना जवस म्हणजे काय हे समजावून सांगण्यात माझी पाव घटका आणि सगळी प्रतिष्ठा गेली. अखेर त्यांतला एक आर्वीचा निघाला. त्याने चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि आम्हाला सोडले.

परंतु ज्या सल्ल्याने आमचा घात केला, तो बळीरामकाकांचा. बळीरामकाका निवृत्त वाहक आहेत, एकतीस वर्षे एसटीत. निघण्याच्या सकाळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे पाय संघदीप, परदेश असो का पांढरकवडा. गाडी दिसली का आंधी सामान फेकजा, मंग चढजा. माणूस उतरते, सीट रायते." हे वाक्य मला त्या वेळी तत्त्वज्ञानासारखे वाटले. तत्त्वज्ञानाचा दोष हाच की ते नेहमी निघण्याच्या सकाळी सांगितले जाते.

बँकॉक हे शहर माणसाला पाहत नाही. रस्त्यावर रस्ता, त्यावर आगगाडी, त्यावर आणखी एक पूल, आणि त्या सर्वांच्या वर, एका महाकाय पडद्यावर, कुणासाठीही न थांबता तोंड धुणारी एक मुलगी. या शहरावर दीर्घकविता लिहायची असे ठरवून मी गेलो होतो. पहिल्या तासात मला सात प्रतिमा सुचल्या आणि सातही प्रतिमांना पदपथावरून मागून आलेल्या दुचाक्यांनी धक्का दिला. त्या दुचाक्या हॉर्न वाजवत नाहीत. यवतमाळात निदान हॉर्न वाजवून समोरच्याचे अस्तित्व मान्य करण्याची रीत आहे.

कंपनीने सर्वांना पिवळ्या टोप्या दिल्या होत्या आणि गळ्यात बिल्ले. दीपमालेच्या बिल्ल्यावर तिचे नाव होते. माझ्या बिल्ल्यावरही तिचेच नाव होते, आणि पुढे 'अधिक एक'. शाळेत गणितात मी कच्चा होतो, परंतु मीच एखाद्या बेरजेचा दुसरा आकडा होईन अशी कल्पना नव्हती. विभागीय व्यवस्थापकांना माझे नाव लक्षात राहत नसल्याने ते मला सरळ मिस्टर दीपमाला म्हणत, आणि चाळीस विक्रेते हसत. टोपी मी नाकारली. तिच्या जागी, निषेध म्हणून, मी माझी पिशवी खांद्याला लावली.

या पिशवीबद्दल दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात मी कविता वाचली, तेव्हा महिला मंडळाने भन्तेजींच्या, म्हणजे विहारातल्या भिक्खूंच्या, चीवराचे उरलेले काषाय कापड वापरून ती शिवली आणि माझ्या गळ्यात घातली. माझ्या साहित्यसेवेला आजवर मिळालेला तो एकमेव पुरस्कार. दीपमाला तिला झोली म्हणते. सामान बांधतानाही ती म्हणाली होती, "अजी, ते झोली ठेवा ना घरी. चांगली बॅग घेऊन देतो म्हटलं तुमाले." मी ती सामानात सर्वांत वर ठेवली. कवीला बॅग देता येते. पिशवी त्याला मिळवावी लागते.

आणि या पिशवीचा त्या शहराने जो अपमान मांडला, त्याने मी आतून धुमसू लागलो. सकाळच्या न्याहारीला मी ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली, तर वाढणारी मुलगी त्या बाजूला फिरकेना. टेबलाला वळसा घालून, हात लांबवून, माझा रस तिने पलीकडून ठेवला. एका मोठ्या मंदिरात आम्ही वंदनेला बसलो. मी पिशवी बाजूला टेकवली, आणि तिच्याभोवती बसलेल्या बायका आपले पदर नसलेले कपडे आवरून हातभर दूर सरकल्या. माझ्याभोवती एक रिकामे वर्तुळ तयार झाले. ज्यांच्याकडे आपण आपल्या धम्माचे म्हणून ओढीने आलो, त्यांनीच आपल्याला असे वर्तुळात बसवावे! आमच्या आज्याने गावाबाहेर ज्या वर्तुळात आयुष्य काढले, ते मला त्या संगमरवरावर आखलेले दिसले, आणि मी वंदना अर्धी सोडून बाहेर आलो. दीपमाला मात्र पूर्ण करून आली, वर शेजारच्या म्हातारीला हसून नमस्कारही करून आली. तिला अपमान दिसत नाहीत. दुकान चालवणाऱ्यांना ते परवडत नाहीत.

उंचावरून धावणाऱ्या आगगाडीत तर मी एका मोकळ्या आसनावर बसलो, तेव्हा सगळा डबा माझ्याकडे पाहू लागला. आमचा सहल-व्यवस्थापक प्रेम, पंचविशीचा, दर वाक्यात दोनदा सर म्हणणारा, घाईने आला आणि म्हणाला की सर, डोक्यावरचे चित्र बघा सर, ही जागा भिक्खूंसाठी राखीव आहे, इथे दुसरे कुणी बसत नाही. चित्रात खरोखरच मुंडण केलेला एक भिक्खू होता. मी उठलो. उठताना खिडकीच्या काचेत मला माझे टक्कल दिसले आणि चित्राशी त्याचे साम्य पाहून मी अधिकच चिडलो. भिक्खूंसाठी जागा, वृद्धांसाठी जागा, गरोदर स्त्रियांसाठी जागा. 'अधिक एक'साठी कुठेच नाही.

शेवटच्या दिवशी दुपार मोकळी होती. दीपमालेने चार दिवसांत एकच मागणे मागितले. सहलीच्या बसमधून तिने शहराच्या पोटातून जाणारा एक काळा कालवा आणि त्यातून भरधाव जाणाऱ्या लांबट बोटी पाहिल्या होत्या, आणि तिला एकदा त्यांतल्या एकीत बसायचे होते. आपल्या राळेगावात नाव कुठची, असे ती म्हणाली. म्हणून आम्ही दोघेच निघालो. कागदपत्रे हॉटेलच्या तिजोरीत ठेवा असे प्रेमने बजावले होते. पण त्या तिजोरीला आकड्यांची किल्ली होती, मी ती दोन दिवसांत तीनदा लावून बसलो होतो, आणि तीनदा ती उघडायला आलेला माणूस तिसऱ्या वेळी हसला होता. त्या हसण्यामुळे दोन्ही पारपत्रे मी माझ्या पिशवीत घातली. त्याच पिशवीत दीपमालेचे भाषणही होते. तिने मला चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मी तीन पाने लिहिली होती आणि त्यांची सुरुवात मातीच्या मौनापासून केली होती.

जाताना बोट मिळाली, ती रिकामीच होती. दीपमाला कडेला बसली, ताडपत्रीच्या फटीतून पाण्याचे तुषार तोंडावर घेत राहिली, आणि मी तिच्याकडे पाहत असताना माझा राग पंधरा मिनिटे कुठे गेला होता हे मला अजूनही सांगता येणार नाही. कापडबाजाराच्या धक्क्यावर आम्ही उतरलो. विमलताईंसाठी गाऊन घेतला. अडीच वाजता परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर आलो, तेव्हा तिथे गठ्ठे घेतलेल्या बायामाणसांची अशी दाटी होती की मला क्षणभर यवतमाळच्या स्थानकात, पोळ्याच्या आदल्या दिवशी उभा आहे असे वाटले. चार दिवसांत प्रथमच मला या शहराची भाषा समजली. माझ्या हाताला ती समजली.

बोट आली. थांबते न थांबते तोच माणसे काठावरून उड्या मारू लागली. मला ताडपत्रीच्या पलीकडे, मधल्या बाकावर, दोन माणसांची मोकळी जागा दिसली. दीपमाला मागून काहीतरी म्हणत होती. ती म्हणत होती, "अजी, हे नाई, आपली तिकडून येईन," पण त्या क्षणी मी नवरा नव्हतो, 'अधिक एक' नव्हतो, मी तो तरुण होतो ज्याला एक मुलगी खिडकीजवळ बसवायची होती. बळीरामकाकांचे वाक्य माझ्या मनगटात उतरले. मी खांद्यावरची पिशवी काढली, ताडपत्रीवरून एक झोका दिला, आणि ती नेमकी, अगदी नेमकी, दोन आसनांच्या मधोमध पडली. एवढी सुंदर जागा मी आयुष्यात धरली नव्हती.

बोट निघून गेली.

एसटी थांबते. एसटी माणसे चढेपर्यंत थांबते, वाहक घंटी देईपर्यंत थांबते, चालक तंबाखू मळेपर्यंत थांबते. आणि ज्या गोष्टीला आपण आळस म्हणतो, ती एक संस्कृती आहे. या बोटीला दोरीने ओढून धरणारा शिरस्त्राण घातलेला एक माणूस होता. त्याने सात-आठ क्षणांत दोरी सोडली आणि आमची पारपत्रे, मातीचे मौन आणि साडेसहा वाजताचा सत्कार घेऊन ती बोट, नेमकी उलट दिशेला, पाण्याचा पांढरा पट्टा सोडत दिसेनाशी झाली.

मी प्रेमला फोन केला. त्याने प्रथमच सर म्हटले नाही. मग त्याने जे सांगितले, ते असे: आधी पोलीस ठाणे, तिथे तक्रार, तक्रारीचे भाषांतर, मग दूतावास, तिथे अर्ज, दोन्ही कान दिसणारी छायाचित्रे, तात्पुरते कागद, आणि ते मिळेपर्यंत उद्याचे विमान विसरा. आत्ताच्या आत्ता टॅक्सी पकडा. आणि मॅडमचा कार्यक्रम? तो विचारू नका, असे तो म्हणाला.

दीपमाला ओरडली असती तर बरे झाले असते. ती धक्क्याच्या फळीवर बसली आणि पिवळी टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढेच म्हणाली, "मी सांगत होती. हे बोट नाई म्हणून."

संताप आला की माझी प्रमाणभाषा गळून पडते. मी म्हणालो, "मंग मी कायले आलतो इथं? तुह्या नावाचा बिल्ला गळ्यात घालाले? संध्याकाळी तू फुडं बसशीन अन् मी मांगं, दारापाशी, भिताडाले टेकून. येक जागा तं धरू दे मले."

तिने माझ्याकडे पाहिले. भाव कमी करा म्हणणाऱ्या माणसाकडे ती असेच पाहते.

"तीन वर्ष तुमी धरलेल्या जागेवर बसली मी," ती म्हणाली. "सारी गाडी पाहे. मले नाई कधी कमीपना वाटला."

एम.ए. मराठी, प्रथम श्रेणी असलेला मी कालव्याकडे पाठ करून टॅक्सी शोधू लागलो. शहर हॉर्न न वाजवता चालले होते.

दीपमाला उठली नाही. पोलिसांकडे गेलो तर सत्कार नक्की गेला. इथे थांबलो तर निदान बोट परत येईल, कारण कालव्याला टोक असते, असा तिचा हिशेब होता. ती घाबरली की तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हणते. बियाण्याची गाडी उशिरा आली तरी म्हणते. ती म्हणू लागली. शेजारी भाजलेली केळी विकणारी एक म्हातारी बसली होती. तिचा विस्तवावरचा हात थांबला. तिने दीपमालेकडे पाहिले, आणि मग दोघी मिळून तेच पाली शब्द म्हणू लागल्या. म्हातारीची चाल वेगळी होती, आमच्या विहारापेक्षा लांबवलेली, पण शब्द तेच, आणि शेवट एकदमच. संपल्यावर म्हातारीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी विचारले.

त्यानंतर माझ्या पत्नीने जे केले, ते मी कोणत्याही काव्यशास्त्रात वाचलेले नाही. धक्क्याजवळच्या पिंपळाला काषाय वस्त्र गुंडाळले होते. तिने त्या वस्त्राकडे बोट दाखवले, स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवून पिशवी काढली, झोका देऊन फेकल्याचा अभिनय केला, हाताने बोट पळवली, आणि शेवटी माझ्याकडे बोट करून कपाळावर हात मारला. म्हातारीला सर्व कळले. शेवटचे विशेष कळले असावे, कारण ती बराच वेळ माझ्याकडे पाहून हसत होती. मग पुढची बोट आली तेव्हा तिने दोरीवाल्याला ओरडून काही सांगितले, त्याने त्याच्या कमरेच्या यंत्रात ते सांगितले, आणि आम्हा दोघांना एकेक भाजलेले केळे मिळाले. मी ते रागातच खाल्ले. चांगले होते.

सव्वापाचपर्यंत अकरा बोटी गेल्या. मी मोजल्या. बारावी आली ती उलट टोकाहून, म्हणजे आमच्या हॉटेलच्या दिशेने जाणारी. ती इतकी भरली होती की माणसे कडेच्या फळीवर, दोरीला लोंबकळून, एकमेकांच्या गठ्ठ्यांवर रेलून उभी होती. आणि त्या गर्दीच्या मधोमध एक बाक रिकामा होता. दोन माणसांचा, पूर्ण रिकामा. त्यावर, मी जिथे टाकली होती तिथेच, माझी पिशवी होती. कुणीतरी तिच्यावर मोगऱ्याची छोटी माळ ठेवली होती.

दीपमाला माझ्याआधी चढली आणि पिशवी घ्यायला वाकली, तर बाकाजवळच्या तीन बायकांनी एकदम हात उचलून तिला थांबवले. रागाने नव्हे, लहान मुलाला विस्तवापासून थांबवावे तसे. दोरीवाल्याने गर्दीवरून नजर फिरवली. माझ्या टकलावर ती थांबली, माझ्या पँटवर उतरली, जराशी गोंधळली. मग त्याने शिरस्त्राण काढले, पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि वाकून मला दिली.

"अजी," दीपमाला हळूच म्हणाली, "त्याइले वाटलं भन्तेजींची झोली आहे. बाया हात नाई लावत इथं भन्तेजींच्या सामानाले. म्हणून कोनी बसलं नाई."

न्याहारीची मुलगी. मंदिरातल्या बायका. तो रिकामा गोल. चार दिवस मी ज्याला वाळीत टाकणे समजून आतल्या आत जळत होतो, तो मान होता. फक्त माझा नव्हता, उरलेल्या कापडाचा होता. सत्य कळल्याने माणसाचा राग जातो हे खोटे आहे. माझा राग वाढला, कारण आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. आज्याला आठवून मी जो गोल पाहिला होता, तो मीच माझ्यासोबत घेऊन आलो होतो, आणि तोही नीट तपासून न घेता.

आम्ही त्या बाकावर बसलो नाही. म्हणजे मी बसलो असतो तर बायका सरकल्या असत्या, आणि दीपमाला बसली असती तर त्याच बायकांनी तिला पुन्हा हात उचलून थांबवले असते. मी पिशवी गुंडाळून शर्टात घातली, केळीवाल्या म्हातारीच्या वयाच्या दोघींना हाताने बसा म्हटले, आणि आम्ही दोघे दोरी धरून उभे राहिलो. कालव्याचे पाणी ताडपत्रीवरून माझ्याच पँटवर आले.

हॉटेलात पोहोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. प्रेम दारात उभा होता, त्याच्या शब्दांत सर परत आले होते. दीपमाला तोंड धुऊन, पांढरी साडी नेसून पंधरा मिनिटांत खाली गेली. जाताना भाषण काढून घ्यायचे म्हणून माझी पिशवीच घेऊन गेली. माझी दुसरी पँट जवसाच्या तेलाने डागाळली होती. ती धुणे, झटकणे, ओलीच चढवणे, यात मला वेळ लागला, आणि उद्‌वाहनात मी मनाशी मागच्या भिंतीची तयारी करत उतरलो. सोबत्यांच्या खुर्च्या मागे, दाराजवळ होत्या. हे बिल्ले वाटतानाच सांगितले होते.

सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या. दीपमाला आपल्या चिठ्ठीवर बसली होती, आणि तिच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर काषाय पिशवी होती, मोगऱ्याच्या माळेसकट. त्या खुर्चीसमोर विभागीय व्यवस्थापक उभे होते, त्यांच्या मागे कंपनीच्या मुख्यालयातून आलेले कुणी बडे साहेब, ज्यांची ती खुर्ची असावी. व्यवस्थापकांनी वाढणाऱ्या मुलीला पिशवी उचलायला सांगितले. तिने हात जोडले आणि दोन पावले मागे सरकली. त्यांनी दुसरीला बोलावले. दुसरी पिशवीला वाकून नमस्कार करून पहिलीशेजारी जाऊन उभी राहिली. अखेर त्यांनी स्वतः हात पुढे केला, तेव्हा दोघी मुलींच्या तोंडून असा आवाज निघाला की व्यवस्थापकांनी हात खिशात घातला.

"साहेब, जागा धरली आहे," दीपमाला बसल्या बसल्या म्हणाली. "आमच्याकडं सामान ठुलं का जागा त्याची रायते."

मुख्यालयातील साहेब दुसऱ्या रांगेत गेले.

मी मधल्या वाटेने पुढे आलो. चाळीस पिवळ्या टोप्या वळून पाहत होत्या, आणि माझ्या बुटांतून प्रत्येक पावलाला कालव्याचे पाणी आवाज करत होते. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसलो. दीपमालेने माझ्याकडे पाहिले नाही. ती मंचाकडे पाहत होती. भाषणाचे कागद पिशवीतच होते, तिने ते काढलेही नव्हते. त्याबद्दल मला रागावायचे होते. मी ते उद्याच्या विमानासाठी राखून ठेवले.

तिचे नाव पुकारले गेले. ती उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि मंचाकडे निघाली. मागून व्यवस्थापकांची कुजबुज ऐकू आली. मुख्यालयातील साहेब अर्धवट उठून तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते.

मी खिशातून रुमाल काढला. ओला होता, पण नेमका मधोमध पडला.